मी ल म्हणेन, तुम्ही ळ ऐका

आमच्या वन्सं तोंडाळ. उगाच गोड कशाला बोलू? वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळे 'ये, बस, दमलीस का' करत होते, आणि या बाई मला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "ही बाही कुणी शिवली? डावी वर चढलीय."

शिवली होती मीच. शिवणकाम हा माझा धंदा आहे, आणि कामाला कुणी नावं ठेवली तर माझं डोकं फिरतं, मग समोर कुणीही असो. म्हटलं, "मीच शिवलीय. आणि चढलेली नाहीये, तुम्ही तिरक्या बसलायत." वन्संनी मान सरळ केली, बाही पुन्हा पाहिली आणि भावाला म्हणाल्या, "बरी आहे रे ही. टिकेल." तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे रोज वाजायचं, पण एकमेकींशिवाय चहा गोड लागायचा नाही.

त्यांच्या जिभेनं लहानपणापासून त्यांना मार खायला लावला. आई उठता बसता म्हणायची, "जिभेला काही हाड?" ही कार्टी एक दिवस आरशासमोर तोंड वासून बसली, जिभेला हाड आहे की नाही ते बघायला. चिमटीत धरून, दाबून, वळवून पाहिली. नव्हतंच हाड. "आई, नाहीये गं खरंच," असं सांगायला गेली आणि पाठीत धपाटा खाऊन आली. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. हाड नाही, मग हे एवढंसं मांस हलतं कसं? कोण हलवतं? आणि याला घरातली सगळी मोठी माणसं एवढी घाबरतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना लवकर मिळालं. पहिल्या दोनांसाठी त्या प्राणिशास्त्र शिकल्या आणि पुढे कॉलेजात तेच शिकवायला लागल्या. लग्न केलं नाही. "मला गप्प बसवायला एक आई पुरे झाली," म्हणायच्या.

कॉलेजात त्यांचं नाव बेडूकबाई. कारण दर वर्षी नव्या वर्गाचा पहिला तास बेडकाच्या जिभेचा. अभ्यासक्रमात तो धडा बराच मागे होता, पण त्या ऐकतील तर शपथ. त्या तासासाठी मी त्यांना कापडाचा बेडूक शिवून दिला होता. जुन्या हिरव्या पडद्याचा, उशीएवढा, आणि आत लाल सॅटिनची लांबलचक जीभ. मी ती माझ्या अकलेनं घशाशी टाचली, आपली असते तशी. वन्संनी हातात घेतला, जबडा उघडला आणि किंचाळल्या, "उसव! आत्ताच्या आत्ता उसव!"

"अहो, काय झालं?"

"बेडकाची जीभ पुढे चिकटलेली असते, खालच्या ओठाशी. मोकळं टोक आत, घशाकडे. बाहेर येताना ती पुढे सरकत नाही, उलटी होऊन पडते. सतरंजी झटकतेस ना, तशी."

पुन्हा शिवला. दोन दोऱ्या ओवल्या. एक ओढली की जीभ उलटून बाहेर, दुसरी ओढली की आत. त्या दोऱ्या म्हणजे जिभेचे स्नायू. आणि दोऱ्या ओढणारे हात म्हणजे मज्जापेशी, मेंदूच्या अगदी मागच्या बाजूला, जिथे मेंदू संपून कण्यातली दोरी सुरू होते तिथे बसलेल्या. डोळ्यांना माशी दिसली की त्यांना खबर जाते, त्या नसेतून हुकूम सोडतात, आणि आपण 'अरे' म्हणेपर्यंत माशी आत गेलेली असते. हे सगळं मला पाठ आहे, कारण दर वर्षी त्या तासाची तालीम माझ्या शिवणयंत्रासमोर व्हायची.

पण त्यांच्या मनातली खरी गोष्ट पुढची होती. जबड्याला मी इलॅस्टिक लावलं होतं, म्हणजे तो आपोआप मिटलेला राहायचा. त्या म्हणायच्या, "वहिनी, नस म्हणजे फक्त हुकूम नेणारी नाही हं. तीच नस जिभेकडून उलटी खबरही आणते. जीभ निघाली की ती मेंदूला कळवते, आणि मग जबडा आवळणारे स्नायू सैल पडतात. काही जातींच्या बेडकांमध्ये लोकांनी ही नस दोन्ही बाजूंनी कापून पाहिली. बेडकाला माशी दिसते. तो झेप घेतो, बरोबर माशीवर जाऊन आदळतो. पण तोंड मिटलेलंच! जबड्याला काहीही झालेलं नसतं, तरी उघडत नाही. जीभच बोलली नाही, तर दार उघडणार कोण?"

दर वर्षी हे सांगताना त्यांच्या अंगावर काटा यायचा. मी मशीनचं चाक फिरवत म्हणायचे, "तुमच्या बाबतीत ती भीती नाही."

आणि मग त्यांच्या मानेत गाठ आली. जबड्याखाली, डावीकडे. काढावी लागणार होती. सर्जननं आधीच कागदावर चित्र काढून सांगितलं, "गाठ जिभेच्या नसेला चिकटलीय. सोडवायचा प्रयत्न करतो, पण शब्द देत नाही." वन्संनी त्याच्या हातातलं पेन घेऊन चित्रातली नस जरा वर सरकवली आणि म्हणाल्या, "इथून जाते. आता करा." तो बिचारा हसला. मला नाही हसू आलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी हातानं आरसा मागितला. जीभ बाहेर काढली. सरळ येईना, टोक डावीकडे वळलं. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "डावी गेली." ते दोन शब्दही असे आले की जणू तोंडात कापूस कोंबलाय. माझ्या नवऱ्याला रडू फुटलं. मी त्याला बाहेर काढलं. रडायचं असेल तर जिन्यात रड म्हटलं, इथे नाही.

घरी आणल्यावर वन्सं गप्प झाल्या. गाठ साधी निघाली, जिवाचा धोका नव्हता, सगळे म्हणत होते चला, थोडक्यात निभावलं. मला मात्र ते गप्प घर खायला उठायचं. घास डाव्या गालात अडकायचा, त्या बोटानं काढायच्या आणि बघतं का कुणी म्हणून माझ्याकडे बघायच्या. मी मुद्दाम बघायचे. म्हणायचे, "काढा की, मी काय परकी आहे?" हळूहळू शब्द यायला लागले. ट, ड, ण लंगडत लंगडत आले. ळ आलाच नाही. त्याला जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते, आणि ती अर्धी जीभ वळायला तयार नव्हती.

एक दिवस म्हणाल्या, "वहिनी, केलं दे."

"काय केलं?"

"केलं!"

"अहो, पण केलं काय तुम्ही?"

त्यांनी फळांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. केळं! मला हसू आवरेना, आणि त्या एवढ्या चिडल्या की तेच केळं माझ्या अंगावर फेकलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. फेकलं म्हणजे बाई जाग्यावर आहे.

सुट्टी संपत आली तेव्हा कॉलेजचे प्राचार्य फुलं घेऊन घरी आले. माणूस वाईट नाही, पण आवाजात आधीच सांत्वन भरलेलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही खूप शिकवलंत. आता दगदग नको. नमुन्यांच्या खोलीकडे बघायला कुणी नाही. त्या बरण्या, ते सांगाडे, सगळं धूळ खातंय. तुम्ही ती खोली सांभाळा. पगार तोच. बोलायची गरजच नाही."

वन्सं बोलल्या. लांबलचक वाक्य, घाईघाईत, रागानं, त्यामुळे आणखी चिखल. प्राचार्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणाल्या?"

माझा नवरा म्हणजे मऊ मेणाचा माणूस. घाईनं म्हणाला, "ती म्हणतेय, विचार करून कळवते."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहीही काय सांगता हो? सर, त्या म्हणाल्या, मी वर्गातच उभी राहणार. आणि बरण्या तुम्हीच पुसा म्हणाल्या. जसंच्या तसं सांगतेय, माझ्या पदरचं काही घातलेलं नाही."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, बरोबर आहे म्हणून.

प्राचार्य लाल झाले, पण सावरले. म्हणाले, "मॅडम, माझा राग नाही तुमच्यावर. पण ती मुलं परीक्षेला बसायची आहेत. वर्षभर त्यांना तुमचं बोलणंच समजलं नाही तर त्यांनी काय करायचं, सांगा." आणि खरं सांगायचं तर हा मुद्दा रास्त होता. शेवटी ते म्हणाले, "असं करू. पहिला तास तुम्ही घ्या. मी मागे बसतो. मुलांना समजलं तर वर्ग तुमचा. नाही समजलं तर बरण्यांची खोली, आणि मग वाद नाही. मान्य?"

"मान्य," वन्सं म्हणाल्या. तो शब्द अगदी लख्ख आला.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, काय वाईट आहे त्या खोलीत? किती शांत असतं तिथे."

"तिथे सगले मेलेले आहेत," वन्सं म्हणाल्या, "म्हणून शांत आहे."

मग सुरू झाली मेहनत. बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण बाई दवाखान्यात होत्या, त्यांच्याकडे मी घेऊन जायचे. जिभेनं उजवा गाल ढकला, डावा गाल ढकला, टोक वर न्या, मागे वळवा. बाई जीव ओतून शिकवायच्या. पण ळ म्हटला की गाडी तिथेच. एक दिवस त्या समजुतीनं म्हणाल्या, "मॅडम, नाही येत तर राहू दे ना. ळ टाळता येतो. वेळ नका म्हणू, समय म्हणा. डोळे नका म्हणू, नेत्र म्हणा."

वन्सं म्हणाल्या, "'टालता येतो' यातच तो आहे." बाई ओशाळून हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. "आणि माझा बेडूक काय करणार? भक्ष्य ग्रहण करणार? ग्रहण सूर्याला लागतं. बेडूक गिलतो. माझा बेडूक गिलणार, काय वाट्टेल ते होवो."

घरी तालीम माझ्या मशीनसमोर. ठरलं असं की त्या बोलणार, मी शिवत राहणार, आणि शब्द कळला नाही की मशीन थांबवायची. तोंडानं काही बोलायचं नाही. सुरुवातीला काय सांगू, एक टीप सरळ पडेना. खट, थांब. खट, थांब. माझी गिऱ्हाईकं परकरासाठी हेलपाटे घालत होती आणि मी त्यांना सांगत होते, बेडूक संपू दे मग देते. वन्संचा संताप संताप व्हायचा. एकदा कात्री आपटून उठून गेल्या. दाराशी थांबल्या, परत आल्या, कात्री जागेवर ठेवली आणि होतं तिथून वाक्य सुरू केलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या.

त्या सावकाश बोलायला शिकल्या. वाक्यं तोडून, शब्दाला शब्द भिडू न देता. मशीन जास्त वेळ चालायला लागली. फक्त ळ आला की थांबायची. आणि एका दुपारी मी अस्तर लावत होते, अस्तर मोठं घसरतं असतं, लक्ष सगळं सुईवर. त्या बोलत होत्या, मी शिवत होते. मध्येच त्या थांबल्या.

"तू थांबली का नाहीस?"

"कशाला थांबू?"

"मी 'डोले' म्हटलं."

"मग? बेडकाचे डोळे. कळलं मला."

"मी ल म्हटलं, वहिनी."

"म्हटलं असेल. मी ळ ऐकलं."

मला वाटलं चिडल्या. पण त्या खुर्चीवर बसून राहिल्या, भिंतीकडे बघत, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणं चालू होतं. मी अस्तर पुरं केलं.

पहिल्या तासाला कापडी बेडूक धरायला मी गेले. वर्ग भरलेला. मागच्या बाकावर प्राचार्य, गुडघे बाकाखाली मावत नव्हते त्यामुळे तिरके बसलेले. वन्सं आत शिरल्या तसं कुठूनतरी 'डरांव' आलं. दर वर्षी यायचं. दर वर्षी त्या म्हणायच्या, 'नर दिसतोय, मादी एवढा आवाज करत नाही,' आणि वर्ग खलास व्हायचा. या वेळी त्यांनी ते कानाआड केलं आणि थेट टेबलापाशी गेल्या.

त्यांनी सुरुवात केली. सावकाश, तोडून. पोरं पुढे वाकली, भुवया आक्रसल्या. आणि मग आलंच ते. "माशी हलली, की बेडकाचे डोले..."

एक पोरगा मान डोलावायला लागला. डोले, डोले. शेजारचा फिसकन हसला. हसू बाकाबाकावरून पुढे आलं. मला वाटलं, हातातला बेडूक त्या पोराच्या टाळक्यात घालावा. प्राचार्यांनी मान खाली घातली. त्यांचं तर ठरूनच गेलं असणार.

वन्संनी खडू घेतला. फळ्यावर एकच अक्षर काढलं, फळाभर, ळ. मग वळल्या.

"हे अक्षर माझ्या तोंडातून येत नाही. ऑपरेशनमध्ये नस गेली. पुढेही येईल असं वाटत नाही. मला सांगितलं, हे नसलेले शब्द वापरा. मी शब्द बदलणार नाही. बेडकाला डोलेच आहेत आणि तो गिलतोच. तेव्हा मी ल म्हणेन, तुम्ही हे ऐकायचं." फळ्यावर खडू आपटला. "माझी जीभ अर्धी आहे. कान तुमचे पुरे आहेत ना?"

मान डोलावणाऱ्यानं मान जागेवर आणली.

"आता बघा माझ्याकडे. सगले." आणि वन्संनी भर वर्गाला, प्राचार्यांसकट, जीभ काढून दाखवली. चांगली बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी. लहानपणी याच गोष्टीसाठी धपाटे खाल्ले होते बाईनं! टोक डावीकडे वळलेलं. मग आत घेतली आणि म्हणाल्या, "कुठली नस गेली? डावी की उजवी?"

"उजवी!" पोरं ओरडली. जीभ डावीकडे जाते म्हणजे डावी बाजू ओढतेय, असा हिशोब.

पुढच्या बाकावरची एक मुलगी, जाड चष्म्याची, हळूच म्हणाली, "डावी."

"का?"

"कारण... जीभ बाहेर काढायची म्हणजे ढकलायची. उजवी बाजू ढकलते, डावी ढकलत नाही, मग ती डावीकडेच कलणार."

"बस खाली. बरोबर." आणि मग काय, घोडं उधळलं. माझ्याकडून बेडूक ओढून घेतला, दोऱ्या ओढल्या, लाल जीभ पहिल्या बाकावर फटकन पडली. पोरं दचकून हसली, आता वेगळं हसली. त्या गिळण्यावर आल्या, बेडूक गिळताना डोळे आत ओढून घेतो, ते सांगितलं. प्रत्येक ळ ल होऊन आला आणि एकानंही मान वर केली नाही. मी वेड्यासारखी पोरांच्या हातांकडे बघत होते. पेनं चालली होती. माझ्या मशीनसारखी, न थांबता.

शेवटी त्या कापलेल्या नसेवर आल्या. झेपावणारा बेडूक, समोर माशी, आणि मिटलेलं तोंड.

"तुम्ही मला बेडूकबाई म्हणता," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. पण नाव चुकलंय. बेडकाची नस गेली की तो तोंड उघडत नाही. माझी गेली, आणि मी तासभर बोलतेय."

मला वाटलं, झालं, जिंकलं. पण त्या चष्मेवालीनं पुन्हा हात वर केला. "मॅडम, बेडकाच्या दोन्ही नसा कापल्या होत्या. तुमची एकच गेलीय. मग तुलना बरोबर नाही ना?"

मला तिचा असा राग आला! बाईचा घास ओठापर्यंत आलाय आणि हिला शंका सुचतात. प्राचार्यही 'श्श' करायला उठले होते. पण वन्संचा चेहरा बघायला हवा होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या तशा हसल्या, वाकड्या तोंडानं, पूर्ण.

"शाब्बास. तुझं बरोबर आहे. तुलना चुकली माझी." मग त्या टेबलावर दोन्ही हात टेकून वर्गाकडे वाकल्या. "पण दोन्ही गेल्या असत्या ना, तरी आज मी इथे येऊन तोंड उघडलं असतं. लिहून घ्या."

आणि पोरांनी लिहून घेतलं. खरंच घेतलं, मी बघितलंय.

घंटा झाली तरी कुणी उठेना, कारण मागे प्राचार्य उभे राहिले होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मॅडम, एक विचारू? गिळताना बेडूक डोळे आत ओढतो म्हणालात. ते कशासाठी?"

वन्सं फळा पुसत होत्या. सगळा पुसला, ळ तेवढा ठेवला.

"ते उद्याच्या तासाला, सर," त्या म्हणाल्या. "वेलेवर या."